खेळ वहीतला, पैसा खिशातला

चंदीगडच्या सेक्टर १ मध्ये ल कार्ब्युझिए या जगप्रसिद्ध वास्तुरचनाकाराच्या आराखड्यानुसार बांधलेली पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाची इमारत आहे. शेतजमिनीचे तंटे, नोकरीतल्या बढत्या, पोटगीचे दावे हे तिथले नित्याचे विषय. २०१७ च्या एप्रिल महिन्यात मात्र तिथे एक आगळाच प्रश्न आला. अर्जदाराचे म्हणणे थोडक्यात असे होते : ‘ड्रीम ११’ या कंपनीच्या खेळात त्याने भाग घेतला, खऱ्याखुऱ्या सामन्यांतले खेळाडू निवडून स्वतःचा काल्पनिक संघ तयार केला, त्यासाठी पैसे भरले आणि सुमारे ५०,००० रुपये गमावले. हा खेळ नव्हे, हा जुगार आहे. तेव्हा कंपनीवर जुगारविरोधी कायद्याखाली कारवाई व्हावी.

१८ एप्रिल २०१७ रोजी न्या. अमित रावल यांनी याचिका फेटाळली. या खेळात यश मिळते ते प्रामुख्याने खेळणाऱ्याच्या माहितीवर, निर्णयशक्तीवर आणि कौशल्यावर. म्हणून तो जुगार ठरत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. त्याविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी १५ सप्टेंबरला फेटाळले. एका माणसाच्या तक्रारीतून निघालेल्या या चंदीगडच्या निकालाने देशभर या धंद्याला जणू परवानाच मिळाला.

पुढे काय झाले, ते ओघाने येईलच. पण आधी एका प्रश्नाचे उत्तर शोधायला हवे. मैदानात न उतरता, चेंडूला पाय न लावता, केवळ नावांची यादी करून खेळला जाणारा हा खेळ आहे तरी कसा? घरातला मुलगा शनिवारी रात्री इंग्लंडमधला फुटबॉलचा सामना पाहतो आणि एखाद्या बचावपटूने गोल अडवला की ‘माझे गुण वाचले’ म्हणून ओरडतो, तेव्हा त्याचे नक्की काय वाचलेले असते? ते कळण्यासाठी या खेळाचे मूळ रूप पाहावे लागते. ते रूप आहे ‘ड्राफ्ट’ लीगचे.

ओकलंडचे आठ संघमालक

या खेळाचा जन्म अमेरिकेत झाला. तिथला फुटबॉल म्हणजे आपण ओळखतो तो नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा, अंगावर धडका घेण्याचा तो खेळ. १९६२ साली ‘ओकलंड रेडर्स’ हा संघ न्यूयॉर्कच्या दौऱ्यावर होता. संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख, संघाचा एक प्रसिद्धी अधिकारी आणि ‘ओकलंड ट्रिब्यून’चा एक बातमीदार असे तिघे हॉटेलच्या खोलीत गप्पा मारत बसले होते. त्या गप्पांतून या खेळाची कल्पना निघाली. १९६३ च्या ऑगस्टमध्ये विंकेनबाख यांच्या घरी पहिली बैठक भरली. आठ जणांनी आठ काल्पनिक संघ काढले आणि प्रत्येकाने पाळीपाळीने वीस-वीस खरे खेळाडू निवडले. सर्वांत पहिले नाव घेतले गेले ते जॉर्ज ब्लांडा या खेळाडूचे.

पैसा तिथेही होता, पण तो सेंटांत मोजण्याइतका. खरी मजा होती ती वर्षभर चालणाऱ्या चेष्टेत. विंकेनबाख यांनी लाकडात एक मुखवटा कोरला होता. आकार फुटबॉलचा आणि डोक्यावर ‘ढ’ विद्यार्थ्याला घालतात तसली टोपी. जो शेवटचा येईल त्याने तो आपल्या दिवाणखान्यात मांडून ठेवायचा! घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारणार, ‘हे काय?’ आणि यजमानाने आपल्या पराभवाची कथा सांगायची. या शिक्षेत कुणाच्याही घरची चूल विझत नव्हती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे बेसबॉलमध्येही असाच खेळ सुरू झाला. आपल्याला परिचित असलेल्या फुटबॉलमध्ये तो १९९१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये आला. संगणक घरोघरी आले आणि वहीत केली जाणारी आकडेमोड यंत्रावर गेली. नियमांचा गाभा मात्र तोच राहिला.

नागमोडी पाळी

ड्राफ्ट या शब्दाचा इथला अर्थ साधा आहे : पाळीपाळीने निवड. गल्लीत क्रिकेट खेळताना दोन कर्णधार समोरासमोर उभे राहतात आणि ‘हा माझा, तो तुझा’ करत पोरे वाटून घेतात. तेच हे. फरक इतकाच की इथे पोरांच्या जागी जगप्रसिद्ध खेळाडू असतात आणि कर्णधार दोनऐवजी आठ किंवा दहा असतात.

समजा, आठ मित्रांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगवर आपली लीग काढली. प्रत्येकाला १५ खेळाडू हवेत : २ गोलरक्षक, ५ बचावपटू, ५ मधल्या फळीचे आणि ३ आघाडीचे. आधी चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो. पहिल्या फेरीत पहिल्यापासून आठव्यापर्यंत एकेक जण नाव सांगतो. आता दुसरी फेरीही पहिल्यापासूनच सुरू केली, तर पहिल्या मित्राचे फावेल आणि आठवा कायम उपाशी राहील. म्हणून दुसरी फेरी उलटी चालते. आठवा आधी, पहिला शेवटी. तिसरी पुन्हा सुलटी. साप जसा वळणे घेत जातो तशी ही पाळी जाते, म्हणून तिला नागमोडी ड्राफ्ट म्हणतात.

हिशेब करून पाहा. पहिल्या मित्राला पहिला खेळाडू मिळतो, पण त्याची दुसरी पाळी थेट सोळाव्या क्रमांकावर येते. आठव्याला आठवा आणि नववा असे लागोपाठ दोन मिळतात. मधल्या तिसऱ्या मित्राच्या वाट्याला तिसरा, चौदावा, एकोणिसावा आणि तिसावा खेळाडू येतो. पंधरा फेऱ्या संपल्या की १२० खेळाडू वाटले गेलेले असतात.

ड्राफ्टचा सर्वांत महत्त्वाचा नियम असा की एक खेळाडू एकाच संघात. एकाने एखादा नामवंत आघाडीपटू घेतला की उरलेल्या सातांना तो संपला. त्यामुळे सर्वांना ठाऊक असलेली मोठी नावे पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच उडतात. खरी परीक्षा दहाव्या-बाराव्या फेरीत होते. कुठल्या संघाने नवा गोलरक्षक आणला आहे, कोण दुखापतीतून उठला आहे, कोणता तरुण यंदा नियमित खेळणार आहे, हे ज्याला ठाऊक तो तिथे बाजी मारतो.

दुसरी पद्धत लिलावाची. ती आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. २० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत आयपीएलचा पहिला लिलाव झाला आणि महेंद्रसिंह धोनीला चेन्नईने १५ लाख डॉलर मोजून घेतले, तेव्हापासून ही पद्धत शेंबड्या पोरालाही कळते. काल्पनिक लीगमध्येही प्रत्येकाला सारखीच काल्पनिक रक्कम देतात आणि तेवढ्यातच सारा संघ बसवायचा असतो. एकाच ताऱ्यावर सगळी उधळली की उरलेल्या जागा भरताना तोंडचे पाणी पळते. सणाच्या पहिल्याच दुकानात पाकीट रिकामे करणाऱ्यासारखी ही गत.

आठवड्याचा जमाखर्च

संघ ठरला की खेळ सुरू होतो. दर आठवड्याला आपल्या पंधरांपैकी अकरा जण उतरवायचे, चार राखीव ठेवायचे. मग खऱ्या मैदानावर ते जे करतील त्याचे गुण आपल्याला. प्रीमियर लीगच्या अधिकृत खेळात साधारण असे कोष्टक असते : साठ मिनिटे किंवा अधिक वेळ मैदानावर राहिल्यास २ गुण. आघाडीपटूने गोल केला तर ४, मधल्या फळीच्या खेळाडूने केला तर ५, बचावपटूने केला तर ६, कारण त्याचे मुख्य काम गोल करणे हे नव्हेच. गोलासाठी निर्णायक पास दिला तर ३. संघाने एकही गोल होऊ दिला नाही तर गोलरक्षक आणि बचावपटू यांना ४. पिवळे कार्ड मिळाले की १ वजा, लाल मिळाले की ३ वजा.

आता त्या ओरडणाऱ्या मुलाचे कोडे उलगडेल. त्याच्या बचावपटूने गोल अडवला म्हणजे त्याचे ४ गुण शाबूत राहिले. आठवड्याच्या शेवटी दोघादोघांच्या गुणांची तुलना होते आणि ज्याचे जास्त तो त्या आठवड्याचा विजेता. असे ऑगस्टपासून मेपर्यंत चालते.

मधल्या काळातही स्वस्थ बसता येत नाही. खेळाडू जायबंदी होतात, संघाबाहेर जातात. मग ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेल्या, शिल्लक खेळाडूंमधून बदली घ्यायची. इथेही एक न्याय्य रीत आहे : बहुतेक लीगमध्ये जो सर्वांत मागे आहे त्याला शिल्लक खेळाडूंवर पहिला हक्क. शिवाय आपसांत अदलाबदल करता येते. ‘तुझा एक गोलरक्षक दे, माझा एक आघाडीपटू घे.’ ही घासाघीस भाजीबाजाराला लाजवेल अशी चालते. वाद झालाच तर निवाडा करायला लीगचा एक कारभारी नेमलेला असतो. त्याने स्वतः खेळायला हरकत नाही, पण नियम आधी लिहून ठेवलेले असले म्हणजे घरचे आणि मैत्रीचे वातावरण बिघडत नाही.

चंदीगडचा बचावपटू

खऱ्या खेळातही ड्राफ्ट होतो आणि त्याचे एक उदाहरण चंदीगडशीच जोडलेले आहे. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा भारतीय खेळाडूंची वाटणी लिलावाने न करता ड्राफ्टने केली गेली. त्या वर्षीच्या जुलैमध्ये मुंबईत संघांचे प्रतिनिधी बसले आणि पाळीपाळीने ८४ खेळाडू निवडले गेले. त्यांत नुकतीच २१ वर्षे पूर्ण केलेला एक उंचापुरा बचावपटू होता, संदेश झिंगन. जन्म चंदीगडचा आणि फुटबॉलचे धडेही तिथल्याच सेंट स्टीफन्स अकादमीत गिरवलेले. केरळ ब्लास्टर्सने त्याला घेतले. त्याच मोसमात तो स्पर्धेतला सर्वोत्तम उगवता खेळाडू ठरला, पुढे भारतीय संघाच्या बचावाचा आधार झाला आणि २०२० मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच अकादमीतून आलेला गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू तर नॉर्वेतल्या क्लबकडून खेळला.

झिंगनसारखा खेळाडू सहसा गोल करत नाही. वर्तमानपत्रात मोठा फोटो छापून येतो तो गोल करणाऱ्याचा. पण ड्राफ्ट खेळणाऱ्याला वर्षभरात हळूहळू उमगते की गोल अडवणाऱ्यालाही मोल आहे, दर आठवड्याला न चुकता मैदानात उतरणाऱ्यालाही मोल आहे. सामना पाहण्याची दृष्टी बदलते. चेंडूमागे न धावता नजर सबंध मैदानावर फिरू लागते. या खेळाची खरी कमाई हीच.

एक दिवसाचा संघ

मग चंदीगडच्या न्यायालयात गेलेला खेळ कोणता होता? तो या ड्राफ्टचाच धाकटा भाऊ, पण स्वभावाने अगदी निराळा. तिथे पाळीपाळीने निवड नसते. प्रत्येकाला ठरावीक आकड्याचे काल्पनिक भांडवल मिळते, प्रत्येक खेळाडूला किंमत असते आणि त्यात बसतील ते अकरा निवडायचे. एकाला कर्णधार करायचे, त्याचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. प्रवेशशुल्क भरायचे आणि सामना संपताच निकाल.

वरवर पाहता दोन्ही सारखेच. पण तीन गोष्टी बदलल्या आहेत आणि त्या तिन्ही घराच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट, खेळाडू आता एकाचा राहिला नाही. एकच नामवंत फलंदाज लाखो संघांत असतो. त्यामुळे निराळे ठरण्यासाठी एखाद्या अनोळखी नावावर डाव लावावा लागतो आणि तिथे अभ्यासापेक्षा अंदाजच जास्त चालतो. दुसरी गोष्ट, मोसम संपून उरला एक दिवस. ३८ आठवड्यांत नशिबाचे चढउतार एकमेकांना छेदतात आणि जाणकार माणूस वर येतो. एका संध्याकाळी मात्र पहिल्याच षटकात स्नायू दुखावला, नाणेफेक उलटली, पाऊस आला की सारा अभ्यास वाहून जातो. हरलेला माणूस त्याच रात्री म्हणतो, उद्याचा सामना आहेच. तिसरी गोष्ट, समोर मित्र नाही. कुणाशी हरलो ते ठाऊक नाही आणि ‘आता पुरे, घरी जा’ असे सांगणाराही कुणी नाही.

शिवाय कंपनीचा वाटा वेगळाच. समजा, दहा जणांनी प्रत्येकी १०० रुपये भरले आणि कंपनीने त्यातले १५० ठेवून ८५० वाटले. जिंकणारा कुणीही असो, दहा जण मिळून १५० रुपयांनी हरलेच. रोज खेळले तर रोज हरले. आठ मित्रांच्या वहीत असा अकरावा हात नसतो.

शब्दकोड्यापासूनचा वाद

कौशल्य की नशीब, हा वाद आपल्याकडे नवा नाही आणि त्याची मुळे मुंबईत आहेत. बक्षिसाच्या शब्दकोड्यांचा एक काळ होता. बंगलोरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या नियतकालिकातल्या शब्दकोडे स्पर्धेला मुंबई इलाख्यात भरपूर प्रवेशिका येत. मुंबई सरकारने तिच्यावर कर बसवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ एप्रिल १९५७ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की जुगार हा मुळी व्यापारच नव्हे, त्याला राज्यघटनेचे संरक्षण नाही. याच वादातून पुढे कसोटी रूढ झाली ती अशी : ज्यात यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे तो खेळ जुगारात मोडत नाही. तसा १८६७ च्या जुगारविरोधी कायद्यातही निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेलेच होते. १९६७ मध्ये पत्त्यांतली रमी आणि १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत कौशल्याच्या बाजूला गेली. घोड्याचे कूळ, जॉकीचा हात, धावपट्टीची स्थिती यांचा अभ्यास लागतो, असे कारण दिले गेले.

चंदीगडच्या न्यायालयाने हाच धागा पुढे नेला. खेळाडूंची पारख, त्यांचे बळ आणि दुबळेपणा यांचा अंदाज, दिलेल्या मर्यादेत संघ बसवणे याला कौशल्य लागते. मग हा जुगार कसा? ३० एप्रिल २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही अशाच एका प्रकरणात तेच मत दिले.

कायद्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद पटण्याजोगा आहे. पण न्यायालयापुढचा प्रश्न मर्यादित होता : हा गुन्हा आहे का? घरातला प्रश्न वेगळा आहे : यात पगाराचा पैसा घालावा का? जाहिरातींनी या दोन प्रश्नांची सरमिसळ करून टाकली. ‘कौशल्याचा खेळ’ हे शब्द सुरक्षिततेच्या शिक्क्यासारखे मिरवले जाऊ लागले. २०२० मध्ये ‘ड्रीम ११’ने २२२ कोटी रुपये मोजून आयपीएलचे नाव आपल्याशी जोडले आणि २०२३ मध्ये भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरही तेच नाव झळकले. सामान्य माणसाला वाटले, ज्यावर देशाच्या संघाचा विश्वास आहे त्यात आपले काय बुडणार?

इथे एक साधी गोष्ट नजरेआड झाली. लॉटरीत शहाणा आणि अडाणी दोघेही सारखेच हरतात. कौशल्याच्या खेळात मात्र कमी जाणणारा माणूस अधिक खात्रीने हरतो. समोर रात्रंदिवस आकडेवारी चाळणारे, एकेका सामन्याला ढीगभर संघ उतरवणारे खेळाडू बसलेले असतात आणि कचेरीतून दमून आलेला माणूस पाच मिनिटांत अकरा नावे भरून त्यांच्याशी पैशाची कुस्ती धरतो. खेळात कौशल्य आहे हे खरेच. प्रश्न असतो तो इतकाच की ते कुणापाशी आहे.

कायद्याने कूस बदलली

१ ऑक्टोबर २०२३ पासून अशा खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागला. त्यानंतर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. या कायद्याने साठ-सत्तर वर्षांचा वादच बाजूला ठेवला. पैसे भरून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळला जाणारा कोणताही ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोहोंचा, त्याच्या बंदीच्या कक्षेत आला. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. जाहिरात करणाऱ्यांनाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार धरलेले नाही; त्याच्याकडे पीडित म्हणून पाहिले आहे. ‘ड्रीम ११’ने त्याच महिन्यात पैशांच्या स्पर्धा बंद केल्या आणि भारतीय संघाच्या जर्सीवरून ते नाव उतरले.

या कायद्यालाही न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. बंदीमुळे लोक परदेशी आणि चोरट्या मार्गांकडे वळतील, असा एक आक्षेप आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बंदीने दुकान बंद होते, चटक बंद होते असे नाही. ती आवरायची तर घरातच काही करावे लागेल.

घरच्या घरी

आणि करणे अवघड नाही. पैसे न लावता काल्पनिक संघ खेळण्याला काहीच आडकाठी नाही. मुलाच्या हातातून मोबाइल हिसकावून घेण्यापेक्षा त्याला म्हणावे, ‘चल, आपण घरातलेच लीग काढू.’ विश्वचषकासारखी महिनाभराची स्पर्धा सुरुवातीला उत्तम. आई, बाबा, दोन मुले, काका, शेजारचे एखादे कुटुंब असे सहा संघ सहज होतात. एक वही घ्यावी. पहिल्या पानावर नियम लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवावा आणि नागमोडी पाळीने खेळाडू निवडावेत. पंधरा जड वाटले तर आठ घ्यावेत. गुणांचे कोष्टक सोपे ठेवावे : गोल, गोलासाठी पास, गोल न होऊ देणे आणि कार्डाची वजाबाकी. रात्री जेवणे झाली की दहा मिनिटांत हिशेब होतो. बेरजेचे काम धाकट्याकडे द्यावे; सातवीच्या गणिताचा आपोआप सराव होतो.

आजीलाही यात घ्यायला हरकत नाही. सहा संघांत एक संघ असा असावा, ज्याने नावे ऐकून खेळाडू निवडले आहेत. पहिल्या आठवड्यात तोच संघ पुढे गेला तर घरात हसे पिकेल आणि एका दिवसात नशीब काय करू शकते हे मुलांना न सांगता कळेल. स्पर्धा संपता संपता अभ्यास करणारा पुढे सरकला, तर कौशल्याला वेळ लागतो हेही तिथेच दिसेल. न्यायालयांनी पन्नास-साठ वर्षे ज्याचा काथ्याकूट केला, तो भेद एका वहीत उमटेल.

शेवटच्या आलेल्याला शिक्षाही हवीच. विंकेनबाख यांचा लाकडी मुखवटा कोरत बसायला नको. महिनाभर रविवारचा सकाळचा चहा त्याने करायचा, एवढे पुरे.

दरम्यान एखाद्या घरात मुलाने किंवा मोठ्या माणसाने पैशांच्या खेळात रक्कम घालवलीच असेल, तर पहिल्या दिवशी रागावण्यापेक्षा हिशेब मागावा. किती भरले, किती आले, कुणाकडून उसने घेतले, हे एका कागदावर लिहायला लावावे. जिंकलेला आकडा माणसाच्या तोंडपाठ असतो. हरलेल्या आकड्यांची बेरीज मात्र त्याने स्वतःही कधी केलेली नसते. ती बेरीज त्याच्याच हाताने होऊ द्यावी. नंतर त्याच वहीचे पान उलटावे आणि दुसऱ्या पानावर नवा संघ लिहायला घ्यावा, या वेळी पैशाविना आणि घरच्यांबरोबर.